पहिली बादली जाळ्याला

शिसं मला परकं नाही.
जाळ्याच्या खालच्या दोरीला मीच ओवतो ते,
बोटाच्या पेराएवढे मणी,
कढईत वितळवून मातीच्या साच्यात ओतलेले.
वितळलं की आरसा होतं,
त्यात वरचा माड थरथरताना दिसतो.
वजनाशिवाय जाळं पाण्यात उभं राहत नाही,
बापाने शिकवताना एवढंच सांगितलं होतं.

ओरोसहून कागद आला,
दुर्वाच्या रक्ताचा एक, नळाच्या पाण्याचा एक.
प्रणिता म्हणाली, पण आपण तर उकळून पितो.
खरंच उकळतो.
वीस मिनिटं, घड्याळ लावून.
काविळीची साथ आली होती तेव्हापासूनची शिस्त.

पास्कू लोबो मोरीत उकिडवा बसला होता,
वर न बघताच म्हणाला,
"उकाळून जंतू मरतत रे. शिसां खंय मरता?
पाणी आटता, शिसां थंयच ऱ्हवता."

मला शिरोड्याची मिठागरं आठवली.
पाणी उडून जातं, मीठ बसून राहतं.
म्हणजे आम्ही रोज वीस मिनिटं
एक मिठागर चालवत होतो, घरात, गॅसवर,
आठ महिन्यांच्या लेकीच्या दुधाच्या पावडरीसाठी.

त्याने नळाच्या तोंडाची बारीक जाळी फिरवून काढली,
तळहातावर आपटली.
करड्या कण्या पडल्या, चार-पाच.
माझ्या आयुष्यात मी एवढी लहान जाळी
आणि एवढी वाईट मासळी पाहिली नव्हती.
"ही दर आठवड्याक धुवची," म्हणाला.

मग पान्याने भिंतीजवळच्या सांध्यावर टकटक केलं.
"ह्यो सांदो कोणी केल्यान?"

मी.
आमच्या लग्नाच्या आदल्या रात्री पाइप फुटला होता,
अंगणात दीडशे पानं मांडायची होती
आणि जाळ्याचं शिसं उरलेलं होतं डब्यात.
तापवलं, ओतलं, ठोकलं.
थेंब गळला नाही.
सासऱ्यांनी पाठ थोपटली होती,
जावई हुशार आहे म्हणाले चारचौघांत.

पास्कू काही बोलला नाही.
हात पुसत राहिला, फार वेळ.

नवीन पाइप मासेमारीची बंदी उठल्यावर, पैसे आल्यावर.
बदलला की पाणी पुन्हा तपासायचं, त्याने दोनदा बजावलंय,
डोळ्यांना काही दिसणार नाही,
जिभेलाही कळणार नाही.
तोवर दुर्वाचं दूध
कुबलांच्या विहिरीच्या पाण्यात, तपासून घेतलेल्या,
ते मात्र उकळून, कारण विहिरीत जंतू असतात
आणि जंतू मरतात.
गिझरचं पाणी भातालासुद्धा नाही.
ऊन पाणी शिशाला लवकर आपलंसं करतं.
कढई मी घरातून हलवली, खाडीकडच्या खोपीत नेली.
मणी ओतून आलो की हात साबणाने, सदरा बदलून,
मगच तिला घेतो.
ती रडते तेवढा वेळ.
रडू दे.

पहाटे पाच वाजता नळ सोडतो.
रात्रभर ते पाणी माझ्या सांध्याला टेकून
निजलेलं असतं.
पहिली बादली जाळ्यावर ओततो, मिठाचा थर निघतो,
शिसं शिशाकडे जातं.
मणी चमकतात. काही केलं नसल्यासारखे.
दुसरी बादली मोरी धुवायला.
पाणी वाहताना बघवत नाही,
माझ्या आईने दोन कळश्यांसाठी
अर्धा डोंगर उतरलेला आहे.
पण मी नळाखाली हात धरून उभा राहतो,
पास्कूने सांगितली तेवढी पाच मिनिटं.
कोमट, कोमट,
मग एकाएकी गार,
रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातलं,
अजून कुणाशी न बोललेलं पाणी.

तेव्हा हाक मारतो,
प्रणिता, आण कळशी.